‘क्षमता’, ‘वारंवारिता’ आणि ‘कालांतर’: अतिजलद रेल्वेच्या संदर्भात

विचारणा

जपानमधील तोकियो ते शिन-ओसाका या तोकाइदो शिंकान्सेन या अतिजलद रेल्वेमार्गाविषयी मराठीत लिहिताना दोन शब्दांपाशी अडलो आहे. ‘क्षमता’ हा शब्द एकदा गाडीतील आसनांसाठी येतो, एकदा संपूर्ण मार्गासाठी, तर एकदा स्थानकासाठी. ‘वारंवारिता’ कधी ‘ताशी १७ गाड्या’ अशी सांगावी लागते, तर कधी ‘दर साडेतीन मिनिटांनी गाडी’ अशी. या सगळ्यांसाठी वेगवेगळे शब्द योजावेत, की संदर्भावरून वाचकाला कळेल असे मानावे?

प्रतिसाद

वेगवेगळे शब्द योजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण या मार्गावर त्या गोष्टी खरोखरच निरनिराळ्या आहेत आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

गाडीपुरते बोलायचे असेल, तेव्हा ‘आसनक्षमता’ म्हणावे. तोकाइदो मार्गावरील गाडी १६ डब्यांची असते आणि तिची आसनक्षमता साधारण १३२३ आहे. हा आकडा सर्व गाड्यांना जवळपास सारखा ठेवला आहे, म्हणजे एका रेकऐवजी (डब्यांच्या संचाऐवजी) आयत्या वेळी दुसरा लावला तरी आरक्षण बिघडत नाही. एका दिशेने तासाभरात किती गाड्या सोडता येतात, ती ‘मार्गक्षमता’. मार्च २०२०च्या वेळापत्रकापासून येथे एका तासात जास्तीत जास्त १२ नोझोमी (सर्वांत कमी थांब्यांच्या), २ हिकारी (मधल्या प्रकारच्या) आणि ३ कोदामा (सर्व स्थानके घेणाऱ्या) अशा १७ गाड्यांची सोय आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार, म्हणजे ताशी सुमारे २२,५०० आसने, ही झाली ‘वहनक्षमता’. नुसते ‘क्षमता’ लिहिले, तर यांपैकी काय अभिप्रेत आहे ते वाचकाला प्रत्येक वेळी ताडावे लागते.

मात्र त्या १७ गाड्या दररोज, दर तासाला धावतात असे नाही. ती वेळापत्रकात राखून ठेवलेली कमाल मर्यादा आहे. मागणी पाहून, विशेषतः सुट्ट्यांच्या हंगामात, नोझोमी वाढवल्या जातात. म्हणून मार्गक्षमतेचा आकडा ‘वारंवारिता’ म्हणून छापू नये. वारंवारिता म्हणजे प्रत्यक्ष धावणाऱ्या गाड्यांचे ताशी प्रमाण, आणि तेही कोठे मोजले हे सांगावे लागते. शिझुओका प्रांतात या मार्गाची ६ स्थानके आहेत, पण नोझोमी त्यांपैकी एकाही स्थानकावर थांबत नाही. त्यांतील काकेगावा येथे तर केवळ कोदामा थांबते. तेथील प्रवाशाच्या डोळ्यांदेखत एकामागून एक गाड्या भरधाव निघून जातात आणि त्याला चढता येईल अशा गाड्या ताशी दोन-तीनच असतात. ‘मार्गावरील वारंवारिता’ आणि ‘स्थानकावरील वारंवारिता’ असा भेद केला नाही, तर त्या प्रवाशाविषयी आपण चुकीचे विधान करून बसू.

दुसरा प्रतिसाद

‘वारंवारिता’ हा शब्द बरोबर आहे, परंतु बातमीत किंवा प्रवाशांच्या निवेदनात ‘फेऱ्या’ हाच शब्द स्वाभाविक वाटतो. ‘गाड्यांच्या फेऱ्या वाढवा’ ही मागणी सर्वांना चटकन समजते. अडचण एवढीच, की ‘फेरी’ म्हणजे एका बाजूचा प्रवास की जाऊन-येऊन, हे त्या शब्दातून ठरत नाही. ‘आवर्तन’ हा पर्याय कोणी सुचवल्यास तो टाळावा, कारण आपल्याकडे तो कालव्याच्या पाण्यासाठी रूढ झाला आहे.

विचारणाकर्ता

दोन्ही प्रतिसादांसाठी आभार. मग ‘दोन गाड्यांमधील अंतर ३ मिनिटे’ हे वाक्य चालेल का? आणि गाड्यांचा वेग वाढवला की मार्गक्षमता आपोआप वाढते, असे लिहिणे योग्य आहे का?

प्रतिसाद

पहिल्या वाक्यात ‘कालांतर’, म्हणजे वेळेतील अंतर, लिहावे. ‘अंतर’ हा शब्द वेळ आणि लांबी दोन्हींसाठी चालतो आणि येथे दोन्ही महत्त्वाच्या आहेत: ताशी २८५ किलोमीटर वेगाने एकामागून एक धावणाऱ्या दोन गाड्यांत ३ मिनिटांचे कालांतर असेल, तर त्यांच्यातील अंतर १४ किलोमीटरहून अधिक असते. ‘किमान कालांतर’ आणि ‘सरासरी कालांतर’ यांतही फरक ठेवावा. ताशी १७ गाड्या धरल्या तर सरासरी साधारण साडेतीन मिनिटे निघते, पण तोकियोहून काही गाड्या अवघ्या ३ मिनिटांच्या कालांतराने सुटतात.

दुसरे विधान मात्र तसे लिहू नये. गाडी थांबवण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग प्रत्येक सेकंदागणिक ०.७ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असे धरले, तर ताशी १५० किलोमीटर वेगाच्या गाडीला थांबण्यासाठी सुमारे सव्वा किलोमीटर लागेल आणि ताशी ३०० किलोमीटर वेगाच्या गाडीला जवळपास ५ किलोमीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यामुळे नुसता वेग वाढवल्याने किमान कालांतर कमी होण्याऐवजी वाढू शकते.

क्षमता वाढते ती वेग एकसारखा केल्याने. २०२० साली ७०० श्रेणीच्या जुन्या गाड्या या मार्गावरून निवृत्त झाल्या आणि उरलेल्या सर्व गाड्या ताशी २८५ किलोमीटर वेगाने धावू शकणाऱ्या झाल्या. ताशी १२ नोझोमींची सोय त्यानंतरच शक्य झाली. सर्व स्थानके घेणाऱ्या कोदामाला तर मधल्या स्थानकांवर बाजूच्या रुळावर थांबवून नोझोमी पुढे काढावी लागते, आणि म्हणूनच नोझोमी जे अंतर अडीच तासांच्या आत कापते त्याला कोदामा सुमारे ४ तास घेते. या थांब्याला ‘क्रॉसिंग’ म्हणू नये. कोकण रेल्वेच्या प्रवाशांच्या तोंडी तो शब्द असतो, पण तेथे एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबायचे असते. येथे गाडी मागून येते.

स्थानकक्षमतेचाही, म्हणजे स्थानकात ताशी किती गाड्या हाताळता येतात याचाही, विचार करावा, कारण खरी कोंडी बहुधा तेथेच होते. तोकियो स्थानकात या मार्गासाठी १४ ते १९ क्रमांकांचे ६ फलाट आहेत. ताशी १७ गाड्या आल्या, तर प्रत्येक गाडीच्या वाट्याला सरासरी २१ मिनिटे फलाट येतो, आणि एवढ्यात गाडी येणे, प्रवासी उतरणे, साफसफाई, आसनांची तोंडे फिरवणे, नवे प्रवासी चढणे आणि फलाट मोकळा करणे हे सर्व उरकावे लागते. मुंबई–अहमदाबाद मार्गाच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भूमिगत स्थानकातही ६ फलाट योजलेले आहेत, आणि तेथेही मोजके थांबे घेणाऱ्या व सर्व १२ स्थानके घेणाऱ्या अशा दोन प्रकारच्या गाड्या असतील. म्हणून ही परिभाषा आपल्याला लवकरच रोजच्या वापरासाठी लागणार आहे.

विचारणाकर्ता

तर माझे वाक्य असे होईल: ‘प्रत्येकी सुमारे १३२३ आसनक्षमतेच्या गाड्या धावणाऱ्या तोकाइदो शिंकान्सेनची कमाल मार्गक्षमता ताशी १७ गाड्या असून त्यांतील सरासरी कालांतर सुमारे साडेतीन मिनिटे आहे.’

प्रतिसाद

‘ताशी’ या शब्दाआधी ‘एका दिशेने’ हे शब्द घालावेत. नाहीतर वाचक दोन्ही दिशांच्या गाड्या मिळून १७ समजेल आणि वहनक्षमता निम्मी धरेल.