अडुळशाचा रस निघत नाही?

एका ताईंनी विचारलंय, अडुळशाची पानं मिक्सरमधून काढली तरी नुसता चोथा हाती येतो, रस का निघत नाही? ताई, ही पानं कच्ची पिळायची नसतातच. आयुर्वेदात यासाठी पुटपाक सांगितलाय: पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि विस्तवात भाजायचा. आमच्याकडे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एवढं कोण करणार! आजी मोदकपात्रात पानं मऊ होईपर्यंत वाफवायची, गरम असतानाच खलबत्त्यात कुटायची आणि पंच्यात पिळायची. हिरवा, कडूजहर रस मधातून द्यायची. मोठ्यांना दोन ते चार चमचे पुरतो, आणि रोज ताजाच काढावा.

खोकल्यावरचा गुण खरा आहे. पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं.

पण गरोदर बाईला हा रस चुकूनही देऊ नका. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. आणि खोकल्यातून रक्त पडत असेल, तर जुन्या ग्रंथांत त्यावर अडुळसाच सांगितलाय म्हणून घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. नुसता खोकला दोन आठवड्यांवर गेला तरी थुंकी तपासून घ्या, क्षय असू शकतो.

वडोदऱ्यात रोप हवं असेल तर नर्सरीत 'अरडूसी' म्हणून मागा. फांदी खोचली तरी लागते.