तुळजापूर घाटात गाडी ओढंना, इंजिनची पिवळी लाईट लागलीय, टर्बो गेला असेल का?

जुळे_सोलापूर_डिझेल
नमस्कार मंडळी. २०१४ ची डिझेल गाडी आहे, १.३ टर्बो. रविवारी आईला घेऊन तुळजापूरला चाललो होतो, सपाट रोडला काहीच जाणवलं नाही पण घाट लागला आणि पिकअप एकदम गेला, मीटरवर इंजिनची पिवळी लाईट लागली आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी काटा अडीच हजाराच्या वर जाईना. मागनं ट्रकवाले हॉर्न मारायलेत, दुसऱ्या गिअरवर कशीबशी वर चढवली. बंद करून परत चालू केली की थोडा वेळ नीट चालते मग पुन्हा तेच. जोरात दाबलं की काळा धूर, आणि बॉनेटमधून फुस्स असा आवाज. इथल्या एका गॅरेजवाल्यानं नुसतं वरून बघितलं आणि म्हणला टर्बो गेला, बदला. स्कॅनर लावलाच नाही. खर्च लै सांगतोय. आईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी आहे, त्यामुळं चालवू का उभी करू तेही सांगा.

पुणेनाका
लाईट एकसारखी लागून आहे का लुकलुकतेय? पेट्रोल गाडीत लुकलुकत असेल तर मिसफायर असतो, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, म्हणून तिथं लगेच वेग कमी करून बाजूला घ्यायची. तुमची डिझेल आहे आणि लाईट स्थिर असेल तर गावातल्या गावात हळू चालवायला हरकत नाही, पण ऑइल प्रेशरची लाल लाईट लागली किंवा टेंपरेचर वाढलं तर जागेवर बंद करा. आणि गाडीच्या कॉम्प्युटरनं साठवलेला बिघाडाचा कोड वाचल्याशिवाय कुणाला डिलीट मारू देऊ नका, पुरावाच जातो. स्टेअरिंगच्या खाली ओबीडीचं (हे कोड वाचायचं) सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथवालं छोटं स्कॅनर लावून मोबाईलवर कोड दिसतो.

अक्कलकोटरोड_मेकॅनिक
मालक, टर्बोवर लगेच जाऊ नका. अडीच हजारावर अडकणं म्हणजे लिंप मोड, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) काहीतरी चुकतंय असं कळलं की इंजिन वाचवायला तो स्वतःच ताकद कमी करतो. बंदचालू केल्यावर थोडा वेळ सुटते ती त्याच्यामुळंच.

काळा धूर, फुस्स आवाज आणि चढावर पिकअप नाही, हे तिन्ही एकत्र आलं की मी आधी इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाईप बघतो. टर्बोनं दाबलेली हवा त्या रबरी पाईपमधून इंजिनात जाते. पाईप फाटला की मोजलेली हवा मधेच बाहेर जाते, डिझेल मात्र आधीच्या हिशोबानं पडतं, म्हणून काळा धूर. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ ला पारा जातो, वरनं इंजिनची गरमी, रबर कडक होऊन वळणाच्या आतल्या बाजूला चिरतं. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते, दाब आला की उघडते, वरून बघून कळत नाही. पाईप काढा, हातात वाकवून बघा. आतून थोडा ऑइलचा हात असतोच, पण बाहेरून ओला आणि त्याच्यावर धूळ चिकटलेली असली तर तिथंच गळतंय. फाटक्या पाईपवर नवा टर्बो बसवणं म्हणजे पंक्चर ट्यूबला पंप मारत बसणं.

टर्बो खरंच गेला असेल तर बहुतेक निळसर धूर, ऑइल कमी होणं, शिट्टीचा आवाज वाढणं असलं काहीतरी दिसतं. इनलेटचा पाईप काढून गार इंजिनवर टर्बोच्या पंख्याचा शाफ्ट बोटानं हलवून बघायचा, आडवा किंचित हलला तर चालतो, पण पुढंमागं हलायला नको आणि पंखा बॉडीला घासायला नको.

विजापूर_रोडकर
आमच्या गाडीला हेच होतं पण धूर नव्हता, कोड पी००८७ आला, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या नळीत) डिझेलचा दाब कमी. डिझेल फिल्टर चोक झाला होता, पाणी पण निघालं. तुमच्याकडं धूर आहे त्यामुळं वेगळं असेल, तरी फिल्टर कधी बदलला ते आठवा.

जुळे_सोलापूर_डिझेल
स्कॅनर लावलं. पी०२९९ एकच कोड आहे. फिल्टर दिवाळीत बदललाय. निळा धूर नाही, ऑइलची लेव्हल पण जागेवर आहे. गॅरेजवाल्याला कोड दाखवला तर म्हणतो बघा टर्बोचाच कोड निघाला.

अक्कलकोटरोड_मेकॅनिक
पी०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) पाहिजे तेवढा तयार होत नाही, एवढंच. टर्बो खराब असला तरी येतो, पाईप फाटला तरी येतो, टर्बोच्या ॲक्चुएटरची (टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी सुटली तरी येतो. कोड त्रास सांगतो, पार्ट सांगत नाही.

स्कॅनर हातात आहेच तर अजून एक बघा. इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा आणि मॅप सेन्सरचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो तो) रीडिंग घ्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळं ९५-९६ किलोपास्कलच्या आसपास दिसलं पाहिजे. तसं असेल तर सेन्सर बरोबर. मग शेजारी कुणाला तरी बसवून मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबा, आकडा जवळपास दुप्पट व्हायला पाहिजे. सव्वाशेलाच अडकला तर हवा गळतेय किंवा टर्बो दाबंना.

जुळे_सोलापूर_डिझेल
किल्लीवर ९५, चढावर १२० च्या वर गेलाच नाही. संध्याकाळी पाईप काढला. खालच्या वळणाला, क्लॅम्पच्या शेजारी, बोटभर चीर आहे, बाहेरून सगळा ऑइलनं काळा झालाय. वाकवला की तोंड उघडतं. शाफ्ट पण बघितला, पुढंमागं हलत नाही. टेप मारून दवाखान्याची फेरी करू का?

अक्कलकोटरोड_मेकॅनिक
टेप दाबाला टिकत नाही, घाटात तर नाहीच. नवा पाईप मिळेपर्यंत गावात हळू चालवा, रेस करू नका. घेताना ओरिजिनल घ्या आणि दोन्ही क्लॅम्प नवीन टाका, जुना क्लॅम्प ढिला पकडला की पाईप तिथूनच निसटतो. इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल काढून टाका. लाईट लगेच जाणार नाही, सलग तीन वेळा गाडी नीट चालली की साधारण आपोआप विझते, नाहीतर आता कोड डिलीट मारायला हरकत नाही. बसवल्यावर मॅपचं रीडिंग परत घेऊन इथं टाका, तरीही दीडशेच्या खाली राहिलं तर ॲक्चुएटर बघू.