स्पोर्टस्टर ८८३ घ्यायची आहे, पण कोणत्या सालची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दीडशे सीसीच्या गाडीवर बरीच वर्षं काढली, आता क्रूझर घ्यायचं नक्की केलं आहे. हार्ले स्पोर्टस्टर, तीही ८८३, एअर कूल्ड इव्होल्यूशन इंजिनवाली. ते इंजिन असलेल्या स्पोर्टस्टर २०२२ नंतर बंद झाल्या, त्यामुळे घ्यायची तर वापरलेलीच. (घरी सांगायला हा मुद्दा फार सोयीचा पडतो.)

तीन गाड्या नजरेत आहेत.

२००६ची ८८३ लो. कार्ब्युरेटरवाली, रनिंग २१,००० किमी, पहिलाच मालक. पण गाडी बरेच महिने झाकूनच ठेवलेली आहे.

२०११ची आयर्न ८८३. फ्युएल इंजेक्शन, रनिंग तिघींत सगळ्यात जास्त, ३८,०००. मालकाने सर्व्हिसची बिलं तारखेनुसार फाइलला लावून ठेवली आहेत. सायलेन्सर स्टॉक, म्हणजे कंपनीचाच.

आणि २०१४ची आयर्न. रनिंग फक्त ९,०००. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बाहेरून बसवलेले, आवाज जोरदार. भाव अर्थातच सगळ्यात चढा, कारण मालकाच्या म्हणण्याप्रमाणे "२०१४ला सगळं बदललं".

मी जे वाचलं त्यावरून २००४, २००७ आणि २०१४ ही महत्त्वाची वर्षं दिसतात. पण वाचणं वेगळं आणि पैसे मोजणं वेगळं. माझी उंची बेताची, वापर मुख्यतः सुट्टीच्या दिवशी हायवेला, अधूनमधून शहरात. स्वतः स्पॅनर हातात धरायची तयारी आहे, पण इंजिन उघडण्याइतकी नाही. कमी रनिंगची २०१४ डोळे झाकून घ्यावी असं मन म्हणतंय. जाणकारांनी कृपया सांगा, साल किती धरून बसायचं?

प्रतिसाद १

डोळे झाकून काहीच घेऊ नका. २०११ घ्या. ज्या माणसाने बिलं जपली त्याने गाडीही जपलेली असते.

प्रतिसाद २

तुम्ही सांगितलेली तिन्ही वर्षं बरोबर आहेत, पण तुमच्या निवडीत त्या तिघांचं वजन सारखं नाही.

२००४ला इंजिन चासीवर थेट न बसवता रबर माउंटवर आलं. त्याआधीच्या गाड्या हलक्या आणि चपळ, पण हायवेला तासभर चालवली की हाताला मुंग्या. तुमच्या तिन्ही गाड्या त्यानंतरच्या, त्यामुळे हा प्रश्न निकालात निघाला. फक्त आयडलला इंजिन भयंकर थरथरताना दिसलं तर घाबरू नका, ते तसंच नाचतं. वेग घेतला की शांत होतं. रबर माउंटची किंमत वजनात मोजावी लागते. गाडी अडीचशे किलोच्या आसपास आहे, सीट खाली असल्याने पाय टेकतील, पण पार्किंगमध्ये मागे ढकलताना दम लागेल.

२००७ला कार्ब गेला आणि इंजेक्शन आलं. म्हणजे २००४ ते २००६ ही तीनच वर्षं अशी, की रबर माउंटही आहे आणि कार्बही. कार्बप्रेमी या तीन वर्षांवर जीव टाकतात आणि त्यात तथ्य आहे: इंधनासाठी कॉम्प्युटर नाही, टाकीत पंप नाही. पण तुमची २००६ उभी राहिलेली गाडी आहे. उभ्या गाडीत पेट्रोल वाळतं आणि पहिल्यांदा बुजतो तो स्लो जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल देणारं कार्बमधलं बारीक छिद्र. खूण अशी, की चोक ओढला तर चालते, चोक आत ढकलला की आयडलला मान टाकते. काम मोठं नाही, कार्ब उतरवून साफ करायचा. पण त्यासोबत टाकीच्या आत टॉर्च मारून गंज बघा. तो असेल तर कार्ब कितीही वेळा साफ करा, पुन्हा बुजणार.

आता २०१४. त्या वर्षी ब्रेक खरोखरच सुधारले, वायरिंगची पद्धत बदलली, आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मिळू लागलं. मिळू लागलं म्हणजे पर्याय म्हणून. प्रत्येक गाडीत आलं असं नाही. एबीएस असेल तर चावी ऑन केल्यावर त्याचा दिवा लुकलुकत राहतो आणि गाडी थोडी पुढे गेल्यावरच विझतो. दिवा लागतच नसेल तर एकतर एबीएस नाही, नाहीतर कुणीतरी दिव्याचा बंदोबस्त केला आहे.

आणि मुख्य गोष्ट, ती २०१४ची आहे हे कशावरून? कागदावरची तारीख नोंदणीची असते. मॉडेल इयरच्या गाड्या आदल्या वर्षाच्या मध्यापासूनच बनायला लागतात आणि न विकल्या गेलेल्या पुढच्या वर्षी रस्त्यावर येतात. हँडलखाली चासीच्या मानेवर सतरा अक्षरांचा नंबर कोरलेला असतो. त्यातलं दहावं अक्षर म्हणजे मॉडेल इयर. २००६ला ६, २०११ला बी, २०१३ला डी, २०१४ला ई. भाव बोलण्याआधी ते बघा.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी बव्हंशी सहमत, पण एबीएसचा मुद्दा इतक्या लवकर सोडू नका. अडीचशे किलोची गाडी, नवखा चालक आणि ओला रस्ता. मी असतो तर थांबलो असतो आणि एबीएसवालीच शोधली असती. २०१६च्या आयर्नला सस्पेन्शनही सुधारलेलं आहे. त्याआधीच्या आयर्नला मागचा शॉक जेमतेम चार सेंटिमीटर दबतो, खड्डा लागला की तो थेट मणक्यातच जाणवतो.

बाहेरच्या सायलेन्सरबद्दल कुणी बोललं नाही. सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही बदलले आणि इंजेक्शनचा मॅप (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारं सेटिंग) तसाच ठेवला तर मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटतात ते बऱ्याचदा त्यामुळेच. मॅप कुणी, कशाने केला ते विचारा. उत्तरात "साउंड बघा ना" आलं तर समजून जा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. २०१६ बजेटबाहेर आहे, विचारून झालं.

तिसरी गाडी बघून आलो. दहावं अक्षर डी! मालकाला दाखवलं तर म्हणाला, "पण कागदावर २०१४ आहे ना?" त्याच्या बाजूने तो खोटं बोलत नाहीये, कागदावर तेच आहे. एबीएसचा दिवा नाही, पुढच्या चाकाला सेन्सरही नाही. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे ४८१२, म्हणजे २०१२च्या अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यातले. गाडीसोबत आलेलेच टायर दिसतात. नक्षी छान शिल्लक आहे, पण कडेला बारीक चिरा. मॅपबद्दल विचारलं तर "तो मेकॅनिकने बघितलं असेल".

म्हणजे आता २०११ आणि ही यांत सालाचा फरक म्हणावा तसा उरलाच नाही, बरोबर ना? मग ३८,००० रनिंगची कितपत भीती बाळगायची?

प्रतिसाद २

बरोबर. दोन्ही इंजेक्शनवाल्या, दोन्ही २०१४च्या आधीच्या ब्रेकच्या. ज्यासाठी जास्त पैसे मागतोय ती गोष्ट त्या गाडीत नाहीच.

नीट राखलेल्या या इंजिनाला ३८,००० म्हणजे काही म्हातारपण नव्हे. लिफ्टर हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे व्हॉल्व्ह सेट करायची भानगड नाही. बिलांत तुम्ही तीन गोष्टी शोधा. इंजिन ऑइल वेळेवर बदललंय का, प्रायमरीचं ऑइल बदललंय का (प्रायमरी म्हणजे इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणारी साखळी; स्पोर्टस्टरला गिअरबॉक्स आणि प्रायमरी एकाच ऑइलवर चालतात, लोक नेमके तेच विसरतात), आणि ब्रेक फ्लुइड. ते कोणतं घालायचं हे मास्टर सिलिंडरच्या झाकणावर छापलेलं असतं. जुन्या गाड्यांना डॉट ५ लागायचं, पुढे डॉट ४ आलं, आणि ही दोन एकमेकांत मिसळायची नसतात.

अजून एक करा. किल स्विच रनवर ठेवा, स्पीडोमीटरमागचं ट्रिपचं बटण दाबून धरा, चावी ऑन करा, बटण सोडा. काटा गरकन पूर्ण फिरेल आणि मीटरवर 'डायग' येईल. मग बटण दाबत पी, एस, एसपी, टी ही अक्षरं पुढे न्यायची, प्रत्येक अक्षर गाडीतल्या एकेका इलेक्ट्रॉनिक भागाचं. एखाद्यावर थांबून बटण जरा वेळ दाबून धरलं की साठलेले बिघाडाचे कोड दिसतात, नसतील तर 'नन' (काही नाही) येतं. जुना कोड दिसला म्हणून लगेच गाडी नाकारू नका, पण लिहून घ्या आणि त्याचं बिल फाइलमध्ये आहे का ते बघा.

धागाकर्ता

२०११वर केलं. पी, एस, एसपी, तिन्ही ठिकाणी 'नन'. गाडी थंड असताना सुरू करून बघितली, पहिल्या सेल्फला लागली. प्रायमरीच्या ऑइलचं बिल दोनदा सापडलं. मागचं चाक फिरवणारा बेल्ट (साखळीच्या जागी असतो तो) बदलल्याचं मात्र कुठेच नाही. मालक म्हणतो, बेल्टला आयुष्यभर काही होत नाही. खरं आहे का?

प्रतिसाद ३

बेल्ट खूप चालतो हे खरं, आयुष्यभर हे विक्रेत्याचं. मागची पुली आणि बेल्ट यांच्यामध्ये एखादा खडा अडकला तर बेल्टला भोक पडतं, आणि तुटला तर रस्त्यात बदलता येत नाही, मागचा बराच भाग खोलावा लागतो. मागचं चाक उचलून हळूहळू फिरवायला सांगा आणि दातांच्या मुळाशी चिरा, निघालेले धागे किंवा आरपार भोक आहे का ते बघत जा. कडेला थोडं घासलेलं चालतं. एबीएसचं माझं मत बदललेलं नाही, पण बजेट तुमचं आहे.

प्रतिसाद २

आणि बेल्टच्या आतल्या बाजूचे फोटो इथे टाका, चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच. टोकन त्यानंतर द्या.