कॅरल अ‍ॅन डफी : स्त्रीवादी कवयित्री की थॅचरच्या काळाची कवयित्री?

शाईपेन :
नोट्स उघडा, यूट्यूबवरची लेक्चरं ऐका, ब्रिटिश कवयित्री डफीबद्दल सगळीकडे एकच, 'स्त्रीवादी कवयित्री', मग 'द वर्ल्ड्स वाइफ' (१९९९) या संग्रहातल्या दोनतीन कविता आणि विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही. ती १९५५ला ग्लासगोत कामगाराच्या घरात जन्मली, इंग्लंडात स्टॅफर्डला वाढली, आणि 'स्टँडिंग फीमेल न्यूड' हे तिचं कवितांचं पुस्तक आलं १९८५ला, म्हणजे पंतप्रधान थॅचरबाईंचं राज्य ऐन भरात, कारखाने बंद पडतायत, खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडून पडलाय. त्यातली 'एज्युकेशन फॉर लेझर' वाचा. बेकार पोरगा, कुणी विचारत नाही त्याला, आधी घरातला गोल्डफिश मारतो आणि शेवटी ब्रेड कापायची सुरी घेऊन रस्त्यावर येतो. यात स्त्रीवाद कुठाय? ही कविता २००८ला एक्यूए या परीक्षा मंडळाने अभ्यासक्रमातून काढली, चाकूहल्ल्यांच्या काळजीपोटी. तिने उत्तर कवितेतूनच दिलं, की शेक्सपिअरच्या नाटकांत किती खून आहेत ते पण बघा.

रानवारा :
पण तुम्ही त्या पुस्तकाची शीर्षक कविताच सोडलीत! एक बाई फ्रेंच चित्रकारासमोर सहा तास उघडी उभी आहे, थोड्याशा फ्रँकसाठी, पोटात भूक आहे, आणि तिला माहितीय की हे चित्र उद्या संग्रहालयात लागेल, मोठी माणसं त्याला कला म्हणतील. चित्रकारही गरीबच आहे. म्हणजे गरिबी दोघांचीही, पण अंग विकायला कुणाचं लागतंय? वर्ग आणि स्त्री अशी फाळणी इथे करताच येत नाही.

कडूलिंब :
मी मात्र शाईपेनच्या बाजूने, थोडं वेगळ्या कारणाने. 'द वर्ल्ड्स वाइफ' मला एकसुरी वाटतं. पुराणकथांतल्या नाहीतर इतिहासातल्या पुरुषांच्या बायका बोलतात, मिडासची बायको, डार्विनची बायको, टायरेसियसची बायको, प्रत्येक वेळी नवरा मूर्ख नाहीतर आत्ममग्न आणि बायको शहाणी. चार कविता वाचल्या की पाचवीचा शेवट आधीच कळतो. शिवाय बाईची ओळख परत नवऱ्यावरूनच.

रानवारा :
कडूलिंब, त्याच संग्रहातली 'अ‍ॅन हॅथवे', म्हणजे शेक्सपिअरच्या बायकोची कविता, परत वाचा प्लीज. शेक्सपिअरने मृत्युपत्रात बायकोला दुय्यम दर्जाचा पलंग ठेवला, लोक शतकानुशतकं त्याला अपमान म्हणत आले. डफी म्हणते चांगला पलंग पाहुण्यांना द्यायचे हो, हा दुसरा त्या दोघांचा होता. अख्खं प्रेमाचं सॉनेट आहे ते, नवरा मूर्ख वगैरे काही नाही.

कडूलिंब :
ती कविता सुंदरच आहे, मान्य. पण एका कवितेने संग्रहाचा सूर बदलत नाही.

तिसरी घंटा :
'वॉर्मिंग हर पर्ल्स' कुणीच कशी आणली नाही? १९८७ची. मोलकरीण दिवसभर मालकिणीचे मोती स्वतःच्या गळ्यात घालते, ते ऊबदार व्हावेत म्हणून, संध्याकाळी मालकीण ते घालून नाचायला जाते, आणि ही माळ्यावरच्या खोलीत पडून तिचाच विचार करत जळते. नोकर-मालक आहे, आणि एका बाईला दुसऱ्या बाईची ओढ आहे. पुढच्याच वर्षी, १९८८ला, ब्रिटनमध्ये सेक्शन २८ हे कायद्याचं कलम आलं, समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला स्थानिक संस्थांना बंदी, शाळांमधले शिक्षक बोलायला घाबरायचे. आणि २००९ला हीच डफी ब्रिटनची राजकवी झाली, १६६८पासूनच्या पदावर पहिली बाई, आणि उघडपणे समलैंगिक असलेली पहिली व्यक्ती. हा बदल लोकांनी भांडून आणलाय, आणि तिची कविता त्या भांडणात आधीपासून होती.

शाईपेन :
मोत्यांची कविता माझ्या मुद्द्यात बसते असं मला अजूनही वाटतं, कारण ती मोलकरीण नसती तर कविताच झाली नसती.

रानवारा :
आणि ती बाई नसती तर?