स्मृतिप्रदर्शन करायचंय: सरावाच्या वह्या, चित्रं, कॅसेट यांचं काय करावं?

शाईदौत:
साठीनंतर जलरंग, सत्तरीनंतर गाणं शिकलेल्या आणि शेवटपर्यंत वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंच्या स्मरणार्थ छोटं प्रदर्शन आणि 16 पानी पुस्तिका करायची आहे. हाताशी आहेत 40 चित्रं, सरावाच्या वह्यांचे दोन खोके, रियाजाच्या कॅसेट, वाचनालयाच्या नोंदवह्या आणि पत्रं. चांगलं तेवढं ठेवून सरावाचे कागद रद्दीत दिले तर चालेल का?

जुनीवही:
अजिबात नको. माणूस शिकत कसा गेला ते त्याच कागदांत असतं. एकाच विषयाचा पहिला आणि शेवटचा प्रयत्न शेजारी लावा, निम्मं प्रदर्शन तिथेच उभं राहतं.
खोके उपसण्याआधी आहे त्या क्रमाचे फोटो काढा. क्रम मोडला, की तारीख नसलेला कागद कधीचा हे ठरवायला आधार उरत नाही. क्रमांक मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. टाचण्या, रबरबँड काढून टाका. लॅमिनेशनच्या वाटेला जाऊ नका. तो थर पुन्हा निघत नाही.
जलरंगांवर उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत हवा. मोबाईलवरचं मापक अंदाजापुरतं ठीक. उडालेला रंग परत येत नाही, त्यामुळे खिडकीसमोरच्या भिंतीवर स्कॅनच्या प्रतीच लावा. मूळ चित्र काचेला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवीच.

रीळ:
कॅसेटचं. आधी वरच्या कडेचे दोन्ही टॅब (प्लास्टिकचे छोटे तुकडे) तोडा, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. मग फीत एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून वेटोळी आवळलेली असतात. फितीमागचा फेल्टचा तुकडा गळला असेल तर आवाज दबका, वरखाली येतो. तेव्हा फीत दुसऱ्या कॅसेटच्या प्लास्टिकच्या कवचात घाला.
संगणकावर उतरवताना मूळ नोंद 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, वाव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाईल). एमपी3 फक्त वाटायला. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाईलवर चालवू नका, सतत वाजणाऱ्या तंबोऱ्यालाही ते खरखरच समजू शकतं.

खिळेजुळारी:
पुस्तिकेला मधोमध पिन मारायची तर पानं 4 च्या पटीत लागतात, 16 जमतील. कापणीसाठी चहूबाजूंनी 3 मिमी जादा ठेवा. फोटो छापील आकारात 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) भरला पाहिजे: साडेतीन सेंमीचा फोटो 14 सेंमी छापायचा तर स्कॅन 1200 वर.
पत्रांत बहुतेक जण फसतात. कागद ज्याला पत्र आलं त्याचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार तो मृत्यूनंतर किमान 50 वर्षं टिकतो, अनेक देशांत जास्त. परवानगी लेखी घ्या. नोंदवहीचं पान छापताना वाचकांची नावं झाका. कोणी काय वाचलं हा ज्याचा त्याचा मामला.
मजकुरात ‘समाजसेवेचा वसा’ वगैरे नको. आठवड्यातून किती दिवस, कुठलं काम, कोणत्या सालापासून, एवढं लिहा. सालं नोंदवहीशी ताडून घ्या, आठवणीतली दोन-चार वर्षांनी सरकतात.

शाईदौत:
दोन चित्रं एकमेकांना चिकटली आहेत. ओलसर करून सोडवू?

जुनीवही:
नाही! जलरंग वाळल्यावरही पाण्याने सुटतो. ओढूही नका. तशीच सपाट ठेवा आणि कागद संवर्धन करणाऱ्याला दाखवा.