'दिसलाच नाही' : बचाव की कबुली?

वळणदार
मोटारसायकल आणि कारची धडक झाली की कारवाल्याचं वाक्य ठरलेलं : "तो मला दिसलाच नाही." ऐकणारेही लगेच विरघळतात. माझं म्हणणं सरळ आहे. समोरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असताना तुम्ही त्याच्या वाटेत वळलात, तर चूक तुमची. बघणं हे चालवणाऱ्याचं पहिलं काम आहे. हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्या अहवालानुसार, ज्यांत दुसरं वाहन होतं अशा जवळपास दोन तृतीयांश अपघातांत त्या वाहनाने मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क मोडला होता.

सरळसोट
त्याच अहवालात जीव गेलेल्या अपघातांपैकी जवळपास निम्म्यांत दारूचा संबंध सापडला होता. ते सोयीस्कर गाळलंत.

आणि न दिसणं ही थाप नसते हो. डावीकडून उजवीकडे नजर फिरवताना डोळे उड्या मारत जातात आणि प्रत्येक उडीत मेंदू दृष्टी क्षणभर दाबून टाकतो. त्यात काचेच्या कडेचा खांब. लांबवरची अख्खी मोटारसायकल त्यामागे लपते, आणि दोन्ही वाहनं नेमक्या वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील तर लपलेलीच राहते. शिवाय लहान आकाराची वस्तू पोचायला अजून वेळ आहे असं वाटतं. डोळ्यांच्या घडणीबद्दल माणसाला दोषी धरणार?

वळणदार
खांब रोजचाच आहे ना? मग वळण्याआधी डोकं पुढे-मागे करून बघा. नजर दोनदा फिरवा, थांबत फिरवा. आणि कायदा माणसागणिक सूट देत नाही. इंग्लंडमधल्या नेटलशिप विरुद्ध वेस्टन (१९७१) या निकालात शिकाऊ चालकालाही कुशल चालकाचीच कसोटी लावली. नवशिक्याला सवलत नाही, तर मुरलेल्या चालकाला कुठून मिळणार?

दावेवाला
दाव्यांच्या फायली चाळणं हे माझं काम, म्हणून मध्ये पडतो. तुम्ही दोघं दोन प्रश्न एकात कालवताय. धडक कोणामुळे झाली हा एक आणि इजा इतकी का झाली हा दुसरा. ओ'कॉनेल विरुद्ध जॅक्सन या इंग्लिश खटल्यात धडकेचा सगळा दोष कारवाल्याचा ठरला, तरी हेल्मेट नव्हतं म्हणून मोपेडस्वाराची भरपाई १५ टक्के कापली गेली. अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात तो हा. पण फक्त पाय मोडला असेल तर हेल्मेटचा मुद्दा काढून काही कापता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यात फौजदारीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं, भरपाईच्या दाव्यात कोणती बाजू अधिक संभवनीय एवढंच पाहतात. त्यामुळे खटल्यातून सुटलेला चालक भरपाई देताना दिसतो, त्यात विसंगती काही नाही.

सरळसोट
मग थांबलेल्या रांगेच्या कडेने सुसाट निघणाऱ्यांचं काय? पॉवेल विरुद्ध मूडी (१९६६) मध्ये ८० टक्के दोष मोटारसायकलवाल्यावर आला होता.

दावेवाला
आला होता. पण डेव्हिस विरुद्ध श्रोगिन (२००६) मध्ये रांगेतून अचानक यू टर्न घेणाऱ्या कारवर सगळा दोष गेला, मोटारसायकलवाल्यावर शून्य. एक निकाल धरून झेंडा लावता येत नाही.

क्लचवायर
कोर्ट राहू दे बाजूला. मी वळायला थांबलेल्या कारचं पुढचं चाक बघतो, चालकाचे डोळे नाही. डोळ्याला डोळा भिडला म्हणजे त्याने आपल्याला टिपलं असं मुळीच नाही. चाक हललं की ब्रेक.

सरळसोट
शहाणपणाचं आहे. पण मोटारसायकल मर्यादेच्या दुप्पट वेगात असेल तर कारवाल्याने बघितलं तेव्हा रस्ता खरंच मोकळा होता. तेव्हा दोष कसला?

वळणदार
वेग सिद्ध करा, तेवढा वाटा कापू द्या. पण ज्याला मोटारसायकल दिसलीच नाही त्याला तिचा वेग कसा दिसला?

दावेवाला
त्याच्या सांगण्यावर कोण विसंबतं? ब्रेकच्या खुणा, मोटारसायकल किती लांब घसरली, पत्रा किती चेपला आणि कॅमेरा असला तर त्याचं चित्रण. वेग यांवरून काढतात. जागेवर बोललेलं पहिलं वाक्य मात्र जबाबात उतरलं की नंतर पुसता येत नाही, मग बोलणारा कोणत्याही वाहनावर असो.