जीटी १०३० की जुनं ७५० टीआय?

प्रश्न: दहावीच्या सुट्टीत धाकट्या भावाला जीटीए ५ खेळायचंय. कॉम्प्युटर सेकंडहँड, ऑफिसातून निघालेला. पॉवर सप्लाय २४० वॉटचा. दुकानात दोन ग्राफिक्स कार्डं (गेमची चित्रं स्क्रीनवर उमटवणारी) आहेत, जीटी १०३० आणि जीटीएक्स ७५० टीआय, दोन्ही २ जीबी. १०३० हे २०१७चं, दुसरं २०१४चं. नवीन तेच घेऊ ना?

उत्तर: थांबा, आधी खोक्यावर मेमरी कोणती ते वाचा! १०३० दोन प्रकारचं येतं. जीडीडीआर५ मेमरीवाल्याची बँडविड्थ (मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, २०१८च्या डीडीआर४ वाल्याची जेमतेम १७. नाव तेच, पण बऱ्याच गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं) निम्म्यावर येतात. मी न वाचता घेतलं आणि महिनाभर सेटिंग बदलत बसलो. फार वाईट वाटलं होतं. ७५० टीआयला ६४० कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), १०३०ला ३८४. जुनं असूनही तेच पुढे. ६० वॉटच खातं, बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर वायरही लागत नाही.

प्रश्नकर्ता: कॅबिनेट उघडून पाहिलं. अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतंय, आणि दुकानातलं ७५० टीआय उंच आहे.

उत्तर: मग लो-प्रोफाइल (अर्ध्या उंचीचं) १०३०, पण जीडीडीआर५च. ३० वॉटचं आहे, सप्लायची काळजी नको. ७२०पीवर (कमी रेझोल्युशनवर) भाऊ मजेत खेळेल. रॅमची एकच काडी असेल तर दुसरीही टाका.